सनद हाती, दार बंद

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबवली. संगणक चालता करणारी आणि त्याच्या प्रत्येक भागाला काम नेमून देणारी जी मूळ प्रणाली, तिची दुरुस्ती यापुढे होणार नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. नव्या विंडोज ११ साठी कंपनीने विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर यांची अट घातली. परिणामी कालपर्यंत बिनतक्रार राबणारी असंख्य यंत्रे एका कंपनीच्या वेळापत्रकानुसार म्हातारी ठरली. घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय ठेवण्यात आली खरी. पण ती मुदतवाढ आहे, मुक्ती नव्हे. खेड्यातील शाळेच्या, पतपेढीच्या वा लहान छापखान्याच्या टेबलावरचे यंत्र मोडलेले नाही. ते चालते, अक्षरे उमटवते, हिशेब करते. तरीही ते निकामी झाले की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याने पदरमोड करून ते विकत घेतले त्याच्याकडे नाही, हे या प्रसंगाने पुन्हा एकदा उघडे पडले.

पर्याय नाही, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्सचा गाभा यांतून एक संपूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली. ती वापरण्याचे, तिचा अभ्यास करण्याचे, ती बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य तिच्या परवान्यातच नमूद आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. शेतमजुराच्या हातातील स्वस्त फोन ज्या अँड्रॉइडवर चालतो त्याच्या पोटातही हाच गाभा आहे. महासंगणकापासून हातातल्या फोनपर्यंत सर्वत्र पोहोचलेली ही प्रणाली मधल्या टेबलावर, म्हणजे कारकुनाच्या, शिक्षिकेच्या, विद्यार्थ्याच्या संगणकावर, मात्र अल्पसंख्य राहिली. असे का व्हावे?

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. मक्तेदारीचे समर्थक म्हणतात की, लोकांना दर्जा हवा असतो आणि फुकटच्या वस्तूला दर्जा नसतो. लिनक्समधील जाणकारांचा एक वर्ग म्हणतो की, लोक आळशी आहेत, त्यांना शिकायला नको. पहिल्या उत्तराचा फोलपणा महासंगणकांनीच सिद्ध केला आहे. दुसरे उत्तर अधिक घातक आहे, कारण ते स्वातंत्र्याच्या बाजूने उभे असलेल्यांच्या तोंडून येते. त्याचाच समाचार येथे घ्यावयाचा आहे.

सनद आणि सातबारा

कागदावरचा हक्क आणि वहिवाटीतला हक्क यांतील अंतर महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९४८ चा मुंबई कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु ज्या कुळाचे नाव पीकपाण्याच्या रकान्यात चढलेच नव्हते, ज्याला तलाठ्याच्या दप्तरात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, ज्याच्याकडून ‘स्वखुशीचा’ राजीनामा आधीच लिहून घेतला होता, त्याच्या वाट्याला त्या कायद्यातून काय आले? कायदा खोटा नव्हता. पण तो बजावण्यासाठी जे ज्ञान, जो वेळ आणि जो आधार लागत होता तो कुळाकडे नव्हता. म्हणूनच तो मिळवून देण्यासाठी चळवळ उभारावी लागली. त्याच्याही पूर्वी जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या नागवणुकीची जी मीमांसा केली, तिच्यात कागद वाचू शकणारा कुलकर्णी आणि तो वाचू न शकणारा कुणबी यांच्यातील विषमतेला मोठे स्थान होते, ते उगाच नव्हे.

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना ही अशीच एक सनद आहे. ती खरी आहे आणि मोलाची आहे. पण जुन्या यंत्रावर लिनक्स चढवू पाहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेच्या वाटेत काय काय उभे असते ते पाहावे. प्रथम तिने शेकडो वितरणांमधून एक निवडायचे. निवड कशाच्या आधारे करायची, यावर जाणकारांतच एकमत नाही. मग ते उतरवून घेऊन पेनड्राइव्हवर विशिष्ट पद्धतीने लिहायचे, यंत्र सुरू होतानाच नेमकी कळ दाबून आतल्या मांडणीत शिरायचे, ‘सिक्युअर बूट’ नावाची अडसर ओळखायची आणि डिस्कची वाटणी करताना जुनी कागदपत्रे पुसली जाणार नाहीत याची धास्ती बाळगायची. एवढे करून पडदा उजळला की प्रिंटर बोलत नाही, वाय-फाय सापडत नाही. मदत मागावी तर उत्तरादाखल काळ्या खिडकीत टंकण्यासाठी दोन ओळींचा मंत्र मिळतो. त्याचा अर्थ तिला कोणी सांगत नाही आणि तो चुकला तर काय होईल तेही नाही. परवान्याने तिला संपूर्ण प्रणाली बदलण्याचा अधिकार दिला आहे. प्रत्यक्षात तिला एक पान छापता येत नाही.

अशा वेळी तिला ‘आधी वाचून या’ असे सुनावणारा जाणकार नकळत कुलकर्ण्याच्या जागी जाऊन बसतो. त्याची नियत चांगली असेल. पण ज्ञानाच्या दुर्गमतेतून ज्याला प्रतिष्ठा मिळते त्याला ती दुर्गमता हळूहळू सद्‌गुण वाटू लागते, हा समाजशास्त्राचा जुना अनुभव आहे. ज्ञान लोकभाषेत आले की ते बाटते, हा आक्षेपही महाराष्ट्राने सातशे वर्षांपूर्वीच ऐकला आहे आणि निकालात काढला आहे.

ज्याचे हात, त्याचेच मत

तथापि सारा दोष काही व्यक्तींच्या अहंकारावर ढकलणे ही उथळ मीमांसा होईल. या दुर्गमतेचे मूळ श्रमाच्या रचनेत आहे. स्वयंसेवी सॉफ्टवेअरमध्ये जो लिहू शकतो तो आपल्याला जाणवणारी अडचण दूर करतो. यातून चमत्कार घडले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या व्यवस्थेत ज्याला लिहिता येत नाही त्याच्या अडचणीला मतच नसते. नवखा माणूस अडखळतो तेव्हा तो तक्रारही नोंदवत नाही. तक्रार नेमकी कोणत्या शब्दांत करावी हे त्याला ठाऊक नसते, आणि दोन दिवसांनी तो विंडोजकडे परततो. त्याचा पराभव कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. ज्या प्रश्नाची नोंद नाही तो प्रश्नच नाही, असे मग समजले जाते.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. केडीई १९९६ मध्ये आणि ग्नोम १९९७ मध्ये सुरू झाले ते सामान्य वापरकर्त्याला पडद्यावर सुसंगत चित्र दिसावे म्हणूनच. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सामान्य वापरकर्त्यांना ग्नोमसमोर बसवून ते कोठे अडतात याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पावलाच्या चित्रामागे मुख्य यादी दडलेली आहे, ही निर्मात्यांना स्वयंसिद्ध वाटणारी गोष्टही पाहणाऱ्याला उमगत नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्नोमच्या रचना-नियमांना अशा कामाचे बळ मिळाले. २००४ मध्ये उबंटू अवतरले. २००५ पासून काही वर्षे कॅनॉनिकल कंपनीने त्याच्या तबकड्या मागेल त्याला विनामूल्य घरपोच धाडल्या. २००९ मध्ये याच मंडळींनी बारीकसारीक जाच दूर करण्याची मोहीम हाती घेतली आणि तिला कागदाने कापलेल्या बोटांच्या जखमांचे नाव दिले. या सर्वांचा लाभ आजही होत आहे.

पण हे ज्यांच्या बळावर घडले त्यांची मर्जी फिरली की काय होते, याचाही दाखला इतिहासात आहे. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी गिळंकृत केली आणि अंध वापरकर्त्यांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या ओर्का या साधनावर राबणारी पगारी माणसे कमी झाली. ज्यांना त्या साधनावाचून संगणक म्हणजे निव्वळ मुका डबा, त्यांचे भवितव्य हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या जणांच्या चिकाटीवर आले. २०११ मध्ये ग्नोम आणि उबंटू या दोघांनीही एकाच वर्षी पडद्याची मांडणी मुळापासून बदलली. वर्षभर खपून जे नवखे स्थिरावले होते ते पुन्हा नवखे झाले. उबंटूने आणलेली ती नवी मांडणीही २०१७ मध्ये कंपनीने सोडून दिली. ज्यांच्यासाठी बदल केला त्यांना कोणी विचारले होते काय?

याउलट २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने हातात धरून खेळण्याचे एक यंत्र बाजारात आणले. ते लिनक्सवर चालते. ते घेणाऱ्याला एकही आज्ञा टंकावी लागत नाही, आणि ज्याला हवी त्याच्यासाठी संपूर्ण टेबल-संगणक आत हजर असतो. सोपे केल्याने सामर्थ्य नष्ट होते, हा युक्तिवाद येथेच कोसळतो. कंपनीला आपले खेळांचे दुकान मायक्रोसॉफ्टच्या अंगणात ठेवायचे नव्हते, म्हणून तिने पगारी माणसे बसवली आणि काम झाले. म्हणजे लिनक्स सुलभ करणे कधीच अशक्य नव्हते. प्रश्न इतकाच होता की ते कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी व्हावे. खेळणाऱ्यासाठी झाले, कारण तेथे नफा होता. शिक्षिकेसाठी होत नाही, कारण तेथे नफा नाही. नफ्याच्या पलीकडची गरज भागवण्यासाठीच समाजाने सार्वजनिक संस्था निर्माण केल्या आहेत, हे समाजवाद्यांना तरी सांगावे लागू नये.

ज्यांनी करून दाखवले

स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा हा तुलनेने गरीब प्रांत. तेथे समाजवादी पक्षाचे सरकार असताना २००२ मध्ये ग्नूलिनएक्स ही प्रणाली शाळांमधून आणि नागरिकांपर्यंत नेण्यात आली. त्या सरकारने नुसता आदेश काढला नाही. चित्रे रंगवण्याच्या साधनाला त्याच भूमीतील थोर चित्रकार झुर्बारान याचे नाव देण्यापर्यंत त्यांनी पडदा आपलासा केला. मुलाला यंत्र परके वाटू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

केरळात आयटी ॲट स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बेतलेल्या अभ्यासक्रमाला शिक्षक आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी विरोध केला आणि क्रमाक्रमाने शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. त्यांचे यश परवान्यात नाही, प्रशिक्षणात आहे. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार झाले. पाठ्यपुस्तकात ज्या साधनाचा धडा, ते साधन यंत्रात आधीच बसवलेले, आणि मातृभाषेत. २०१७ मध्ये ‘काइट’ या शासकीय कंपनीच्या रूपाने त्या कामाला कायमचे घर मिळाले.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने घाई केली नाही. त्यांनी २००५ मध्ये कार्यालयीन कामाचे मुक्त साधन विंडोजवरच आणले, नंतर मुक्त ब्राउझर व टपाल-साधन आणले आणि २००८ पासून खालची प्रणाली बदलून उबंटू बसवली. शिपायाच्या हाताला रोजचे साधन आधीच ओळखीचे झाले होते, त्यामुळे पाया बदलला तरी खोली तीच राहिली. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर जातीने महापौरांच्या भेटीस धावले होते. पालिका बधली नाही, सुमारे पंधरा हजार यंत्रे बदलली गेली. पण २०१७ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी परतीचा ठराव केला. तेथील अडचणींचा मोठा भाग प्रणालीचा नव्हता, तर पालिकेच्या संगणक-विभागाच्या विस्कळीत रचनेचा होता. पण कर्मचाऱ्याला हा भेद कसा दिसणार? त्याला समोरचा पडदा तेवढा दिसतो आणि राग त्या पडद्यावर निघतो. मदतीची व्यवस्था ढासळली की स्वातंत्र्यच बदनाम होते, हा म्युनिकचा धडा आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार कार्यालयीन यंत्रे मुक्त प्रणालीवर नेण्याचे जाहीर केले. त्या राज्याने हा धडा विसरू नये.

भारतापुढचा प्रश्न

हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी जुलै २०२५ आठवावा. रशियन भागभांडवल असलेल्या नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालासह संगणकीय सेवा एकाएकी बंद केल्या. भारतीय कायद्याने त्या कंपनीवर तसे कोणतेही निर्बंध नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. नायराच्या मालकीविषयी कोणाचे काय मत असावे हा वेगळा मुद्दा. पण भारतातील एका कार्यालयाचे दिवे परदेशातून मालवता येतात, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

या देशाने एकदा अशा प्रश्नाला तोंड दिले आहे. १९७८ मध्ये जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय चलन कायद्याच्या अटी न मानणाऱ्या आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. त्या निर्णयाचे गोडवे गाणारे एक गोष्ट विसरतात. आयबीएमची यंत्रे दुसऱ्या दिवशी बंद पडली नाहीत, कारण त्यांच्या देखभालीसाठी सीएमसी ही सार्वजनिक कंपनी आधीच उभी होती. मक्तेदाराला दार दाखवणे हे अर्धे काम. त्याच्या मागे राहिलेले यंत्र सांभाळणारे हात तयार करणे हे उरलेले अर्धे.

आज नेमके हेच अर्धे काम कोणी करीत नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. सी-डॅकने त्याच्याही आधी, २००७ मध्ये, बॉस लिनक्स ही भारतीय भाषांतील प्रणाली काढली. पण २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विवरणपत्रासाठी शासनाने व्यापाऱ्याच्या हाती दिलेले ऑफलाइन साधन विंडोज आणि एक्सेल यांवरच बेतलेले होते. एका हाताने धोरण लिहायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला कुलूप घालायचे! महाराष्ट्रातील एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीच्या उंबरठ्यावर उभा आहे. लक्षावधी मुलामुलींनी संगणक म्हणजे विंडोज आणि लेखन म्हणजे वर्ड, हे समीकरण तेथेच घोकले. मग लिनक्स ‘अवघड’ वाटले तर नवल काय? अपरिचित ते अवघड वाटते, आणि परिचय कशाचा व्हावा हे शासनाने ठरवले होते.

मराठीची अडचण याहून खोल आहे. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत वर्षानुवर्षांचा मजकूर छापखान्यांत, संस्थांच्या दप्तरांत, लेखकांच्या संग्रहांत कोंडून पडला आहे. पुढच्या यंत्रावर तो टंक नसला की त्याची अक्षरांची भेळ होते. ज्या छापखान्याचे सारे जुने काम त्यात आहे त्याला ‘लिनक्स घ्या’ असा उपदेश करणे म्हणजे पूल न बांधता नदीपलीकडे बोलावणे होय. मुक्त लोहित टंक आहे, इनस्क्रिप्ट कळफलकाची सोय आहे, ग्नोम आणि केडीईचे मराठीकरण करणाऱ्यांनी चिकाटीने काम केले आहे. पण जुना मजकूर बिनचूक नव्यात आणणारे, कोणालाही वापरता येईल असे साधन राज्याच्या खर्चाने आणि मुक्त परवान्याखाली उपलब्ध करणे हे मराठीच्या नावाने दरवर्षी सोहळे करणाऱ्या शासनाचे कर्तव्य नाही काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. शासकीय पैशाने घेतलेले प्रत्येक नवे यंत्र मुक्त प्रणाली बसवलेल्या स्थितीत मिळावे. नवख्याला प्रणाली ‘चढवावी’ लागणे हाच मुळात अन्याय आहे, कारण विंडोज घेणाऱ्याला ती कधीच चढवावी लागली नाही. शासनाचे कोणतेही संकेतस्थळ वा साधन एका कंपनीच्या प्रणालीवाचून अडता कामा नये. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांत मुक्त प्रणालीला बरोबरीचे स्थान हवे. शाळांसाठी आणि कार्यालयांसाठी एकच वितरण निवडून त्याची मांडणी किमान दहा वर्षे मोडू नये. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात आठवड्यातून ठरावीक दिवशी पगारी मदतनीस बसावा. त्याच्यापुढे आलेली प्रत्येक अडचण नवख्याच्याच शब्दांत नोंदली जावी आणि ती नोंद दुरुस्ती करणाऱ्या पगारी अभियंत्यांपर्यंत पोहोचावी. जर्मनीच्या सार्वजनिक निधीने २०२३ मध्ये ग्नोमला दहा लाख युरो दिले ते अपंगांच्या सोयीसह अशाच कामांसाठी. परवान्यांवर होणाऱ्या सरकारी खर्चाचा एक अंश जरी इकडे वळवला तरी हे काम येथेही उभे राहील.

यावर दोन बाजूंनी ओरड होईल. बाजारवादी म्हणतील, सरकारने सॉफ्टवेअरमध्ये पडू नये. पण सरकार त्यात केव्हाच पडले आहे. फक्त ग्राहक म्हणून, आणि तेही परवाने विकत घेत. जाणकार म्हणतील, विविधता हेच लिनक्सचे बळ, एकच वितरण निवडणे म्हणजे लादणे. ज्याला शंभर वाटा ठाऊक आहेत त्याने शंभर वाटांनी खुशाल जावे, त्याला कोणी अडवत नाही. पण ज्याला एकही वाट ठाऊक नाही त्याच्यासाठी एक पक्का रस्ता बांधणे ही लादणूक नव्हे. आणि काळी खिडकी कोणी बुजवायला सांगत नाही. तिच्यातून गेल्यावाचून घरात शिरता येऊ नये, एवढ्यालाच विरोध आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने गेल्या चाळीस वर्षांत मालकीचा प्रश्न धसाला लावला. आता तिच्यापुढे वहिवाटीचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न थोड्या प्रतिभावंतांना सोडवता आला. दुसरा संघटित सार्वजनिक प्रयत्नावाचून सुटणारा नाही. त्यात शिक्षक संघटना, ग्रंथालय कर्मचारी, छापखाना कामगार यांनी उतरले पाहिजे आणि प्रणाली लिहिणाऱ्यांनी त्यांच्याशेजारी बसून ते कोठे अडतात हे निमूटपणे पाहिले पाहिजे. अडलेल्याला अडाणी म्हणणे सोपे असते. पण तो ज्या ठिकाणी अडला तेथे दोष त्याच्यात नसून रस्त्यात आहे, हे मान्य केल्याशिवाय रस्ता दुरुस्त व्हायचा नाही.